गुडघ्याची वाटी लहान असेल तर? गुडघा बदलण्याआधी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गुडघा बदलायचा ठरला की घरात चर्चा होते ती खर्चाची, इम्प्लांटच्या कंपनीची आणि ‘रोबोटनं करायचं का’ याची. वाटीबद्दल कुणीच विचारत नाही. मी हाडांचा डॉक्टर आहे. गुडघे बदलणं हे माझं रोजचं काम आहे आणि माझ्याकडे येणाऱ्यांत बायका जास्त असतात. त्यातल्या बऱ्याच जणींची उंची पाच फुटांच्या आत असते. त्यांच्या बाबतीत ऑपरेशनच्या टेबलावरचा सर्वांत नाजूक निर्णय कित्येकदा या वाटीचाच असतो. ओपीडीत आणि फोनवर येणारे प्रश्न इथे त्यांच्याच शब्दांत घेतले आहेत.

वाटी म्हणजे नेमकं काय? तिचं काम काय?

मांडीच्या पुढच्या मोठ्या स्नायूची कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी चिवट दोरी, गुडघ्यावरून खाली नडगीच्या हाडाला जाऊन चिकटते. त्या कंडरेतच बसवल्यासारखं जे गोल-तिकोनी हाड असतं ती वाटी. कंडरेत तयार होणाऱ्या हाडांमध्ये शरीरातलं हे सगळ्यांत मोठं. विहिरीतून पाणी शेंदताना दोर नुसता काठावरून ओढला तर हात भरून येतात, आणि रहाटाच्या चाकावरून ओढला तर तीच घागर हलकी लागते. वाटी जवळपास असंच काम करते. ती कंडरेला सांध्यापासून थोडं पुढे धरते, त्यामुळे स्नायूला कमी जोर लावून पाय सरळ करता येतो.

हे करताना तिच्यावर मोठा भार येतो. जिना चढता-उतरताना शरीराच्या वजनाच्या साधारण तिप्पट, आणि उकिडवं बसताना सात-आठ पटीपर्यंत. म्हणूनच वाटीच्या आतल्या बाजूची कुर्चा, म्हणजे हाडावरचं गुळगुळीत आवरण, ही शरीरातली सर्वांत जाड कुर्चा आहे.

आशियाई माणसांची वाटी खरोखर लहान असते का?

सरासरी काढली तर हो. युरोप-अमेरिकेतल्या मापांत पुरुषांच्या वाटीची जाडी साधारण २५-२६ मिलिमीटर भरते आणि स्त्रियांची २२-२३. कोरिया, चीन, जपान आणि भारतात घेतलेली मापं यापेक्षा दोन-तीन मिलिमीटरनं कमी येतात. स्त्रियांमध्ये तर २०-२१च्या आसपास. रुंदी आणि उंचीही त्याच प्रमाणात कमी असते.

पण ‘आशियाई’ हा शब्द मला फार ढोबळ वाटतो. सेऊलची आजी, लुधियानाचे सरदारजी आणि कोकणातली काकू यांना एकाच मापात कसं बसवायचं? वाटीची जाडी ठरवण्यात स्त्री की पुरुष आणि उंची किती, याचा वाटा मोठा असतो. सहा फुटी मराठी माणसाची वाटी चांगली २५-२६ मिलिमीटरची असू शकते, आणि ठेंगण्या बांध्याच्या इंग्रज बाईची १९ची. सरासरीचा उपयोग इम्प्लांट तयार करणाऱ्या कारखान्याला होतो, कारण कुठली मापं किती करायची हे त्याला ठरवायचं असतं. तुमच्या गुडघ्याचं ऑपरेशन मात्र तुमच्याच मापावर व्हायला हवं. म्हणून प्रत्येक वाटी मोजायचीच, मग माणूस कुठलाही असो.

दोन-तीन मिलिमीटरनं असा काय फरक पडतो?

हिशेब करून पाहू.

गुडघा बदलताना मांडीच्या हाडाच्या टोकाला धातूची टोपी बसवतात, नडगीच्या हाडावर धातूचा पाट आणि त्यावर प्लास्टिकचा थर. वाटीचं काय करायचं हे सर्जनला ठरवता येतं. ती तशीच ठेवता येते, किंवा तिची झिजलेली आतली बाजू कापून तिथे प्लास्टिकचं घुमटाकार बटण सिमेंटनं चिकटवता येतं. त्या बटणाची जाडी साधारण ८ मिलिमीटर असते.

वाटी २४ मिलिमीटरची असेल तर ८ कापायचे, १६ उरतात, त्यावर ८चं बटण. पुन्हा २४. सगळं मजेत. वाटी २० मिलिमीटरची असेल तर ८ कापल्यावर १२ उरतात. बहुतेक सर्जन १२ मिलिमीटर हीच शेवटची रेघ मानतात. काही जण तर १५च्या खाली जायचं टाळतात, कारण हाड त्याहून पातळ झालं की त्यावरचा ताण वाढत जातो.

आता वाटी १८ मिलिमीटरची असेल तर? ८ कापले तर १० उरतात, म्हणजे हाड मोडायची भीती. १२ राखायचे तर ६च कापता येतात. त्यावर ८चं बटण बसलं की वाटी होते २०ची, मूळच्यापेक्षा २ मिलिमीटर जाड. दोन्हीकडून कात्री, आणि ही १८ची वाटी माझ्या टेबलावर दुर्मीळ मुळीच नाही.

बटणाच्या व्यासाचाही प्रश्न असतोच. बऱ्याच कंपन्यांचं सगळ्यांत लहान बटण २६ मिलिमीटर व्यासाचं असतं, म्हणजे दहा रुपयांच्या नाण्यापेक्षा जेमतेम लहान. ठेंगण्या बाईच्या वाटीवर हेही काठापर्यंत येतं.

वाटी थोडी जाड झाली तर काय बिघडतं?

पुढची जागा भरून जाते. गुडघा वाकवताना वाटीवरची कंडरा जास्त ताणली जाते आणि वाकणं अडतं. ऑपरेशनच्या टेबलावर मुद्दाम जाडी वाढवत नेऊन केलेल्या मोजमापांत दर २ मिलिमीटरला सुमारे ३ अंश वाकणं कमी झालेलं दिसलं आहे. तीन अंश ऐकायला किरकोळ वाटतात, पण मांडीची टोपी थोडी पुढे बसली, तिचा पुढचा पत्रा जाड असला आणि वाटीही वाढली, तर हे सगळं एकत्र होतं. मग पुढून दुखणं, जिना उतरताना ओढल्यासारखं होणं आणि वाटी बाहेरच्या बाजूला सरकू पाहणं, अशा तक्रारी सुरू होतात.

आणि फार पातळ झाली तर?

तर ती मोडू शकते. हे मी स्वतः पाहिलं आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

माझ्या सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट. निवृत्त शिक्षिका, उंची चार फूट दहा इंच. वाटी मोजली तेव्हा १७ मिलिमीटर भरली. प्रत्येक वाटीला बटण घालायचं असं मी शिकून आलो होतो, तेव्हा मी घातलं. खाली जेमतेम १० मिलिमीटर हाड उरलं होतं. गुडघा छान सरळ झाला, छान वाकायला लागला. बाई खूश, मीही खूश. दहाव्या महिन्यात बुटक्या खुर्चीवरून उठताना त्यांना आतून ‘कट्’ असा आवाज आला. वाटीला आडवी भेग गेली होती. तुकडे सरकलेले नव्हते, त्यामुळे पट्ट्यात पाय सरळ ठेवून भागलं, पण पाय स्वतःहून पूर्ण सरळ उचलायला त्यांना पुढे कित्येक महिने लागले. त्यांनी मला एका शब्दानं दोष दिला नाही. तो दोष माझाच होता. माप समोर दिसत असूनही मी सवयीनं हात चालवला होता.

बटण घातल्यावर वाटी मोडणं एकूणात क्वचितच घडतं, पण ज्यांच्या बाबतीत घडतं त्यांत पातळ वाटीवाले जास्त असतात. ते टाळता येण्यासारखं आहे, एवढंच माझं म्हणणं.

मग पातळ वाटीला बटण घालूच नये का?

यावर जगभरात एकमत नाही. अमेरिकेत बहुतेक सर्जन जवळजवळ प्रत्येक गुडघ्यात बटण घालतात. स्वीडन आणि नॉर्वेत फारच थोडे घालतात. उपचारांबद्दल मार्गदर्शन करणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेनं २०२०च्या मार्गदर्शनात गुडघा बदलून घेणाऱ्यांना बटणाचा पर्याय द्यावा असं सांगितलं. त्यामागचं कारण असं की बटण न घातलेल्यांपैकी काही जणांना पुढे वाटीसाठी पुन्हा ऑपरेशन करून घ्यावं लागतं. दुखणं आणि चालणं-फिरणं यांत मात्र दोन्ही गटांत फारसा फरक दिसत नाही.

आपल्याकडे आणि कोरिया-जपानमध्ये पुष्कळ सर्जन निवडून घालतात. मीही त्यांच्यातलाच. ‘नाइस’च्या सल्ल्यामागचे आकडे प्रामुख्यानं युरोपीय बांध्याच्या माणसांचे आहेत. तिथे २४ मिलिमीटरची वाटी हे रोजचं माप. जो सल्ला २४च्या वाटीला योग्य, तो १८च्या वाटीला जसाच्या तसा लावला की माझ्या त्या शिक्षिकाबाईंचं झालं तेच होतं.

माझी रीत साधी आहे. वाटी चांगली जाड असेल आणि तिची कुर्चा खराब झाली असेल, किंवा आमवात असेल, तर बटण घालतो. वाटी १९च्या खाली असेल तर शक्यतो घालत नाही. मधल्या मापांना वाटीची झीज, आकार आणि ती मांडीच्या हाडावरच्या खाचेत कशी सरकते हे बघून तिथेच ठरवतो. दुसरा सर्जन या रेघा थोड्या इकडेतिकडे ओढेल, त्याला हरकत नाही. मापच घेतलं नाही, तर मात्र हरकत आहे.

बटण न घालता वाटी तशीच ठेवली तर ती दुखत नाही का?

बहुतेकांना दुखत नाही. वाटी ‘तशीच’ ठेवली म्हणजे तिला हातच लावला नाही असं नव्हे. कडेनं वाढलेली हाडाची टोकं काढतात, उंचसखल भाग घासून सारखा करतात, आणि पुष्कळ सर्जन वाटीच्या कडेनं बारीक डाग देऊन दुखण्याच्या नसा बधिर करतात. याशिवाय मांडीच्या टोपीची पुढची खाच वाटीला सामावणारी असावी लागते. आताच्या बऱ्याच इम्प्लांटमध्ये ती तशी असते.

काही जणांना पुढे पुढच्या बाजूला दुखतं. त्यांच्यात नंतर बटण घालता येतं, पण त्यानं दुखणं जाईलच अशी खात्री कुणी देऊ नये. मला अशा दुसऱ्या ऑपरेशनचा अनुभव संमिश्र आहे.

फक्त वाटीच लहान असते की सगळा गुडघाच?

सगळाच. याची गोष्ट मुंबईशी जोडलेली आहे.

आजच्या गुडघ्यांचा पूर्वज म्हणावा असा ‘टोटल कॉन्डिलर’ सांधा १९७४मध्ये न्यूयॉर्कच्या ‘हॉस्पिटल फॉर स्पेशल सर्जरी’मध्ये तयार झाला. तो घडवणाऱ्यांत जॉन इन्सॉल आणि पीटर वॉकर यांच्याबरोबर डॉ. चित्तरंजन रानावत होते. तेच रानावत ज्यांनी ऑक्टोबर २०००मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात तेव्हाचे पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांचा डावा गुडघा बदलला, आणि पुढच्या वर्षी उजवा. गुडघा बदलता येतो हे महाराष्ट्रातल्या गावोगावी पोचलं ते त्या बातमीनं. त्याच २००० साली मुंबईतल्या सर्जनांनी रानावतांसह एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात भारतीय गुडघ्यांची मापं सीटी स्कॅनवर घेतली होती. त्यात कित्येक स्त्रियांच्या मांडीच्या हाडाचं माप त्या काळी मिळणाऱ्या सगळ्यांत लहान टोपीपेक्षाही लहान निघालं.

नुसता आकार लहान असता तर एक नंबर खाली जाऊन भागलं असतं. अडचण प्रमाणाची आहे. पुष्कळ आशियाई स्त्रियांचं मांडीचं हाड पुढून-मागे जितकं असतं त्या मानानं आडवं अरुंद असतं. पुढून-मागे बरोबर बसणारी टोपी घेतली की ती दोन्ही कडांनी बाहेर डोकावते, आणि रुंदीला बरोबर बसणारी घेतली तर मागून जास्त हाड कापावं लागतं आणि वाकवल्यावर गुडघा ढिला पडतो. टोपी ३ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त बाहेर आली तर दोन वर्षांनंतरही दुखणं राहण्याची शक्यता जवळपास दुप्पट होते, असं अभ्यासात दिसलं आहे. आता बहुतेक कंपन्या एकाच मापात रुंद आणि अरुंद अशा दोन टोप्या करतात, त्यामुळे हा प्रश्न पूर्वीइतका बिकट राहिलेला नाही. मात्र अरुंद टोपी ऑपरेशनच्या दिवशी थिएटरमध्ये हजर हवी. कंपनीचा माणूस पेट्या घेऊन येतो, त्यांत लहान मापं आहेत की नाहीत हे आदल्या दिवशी बघावं लागतं.

वाटीच्या बाबतीत एवढी प्रगती झालेली दिसत नाही. बटणं पातळ करायला मर्यादा आहे, कारण फार पातळ प्लास्टिक लवकर झिजतं आणि तुटतं.

‘बायकांसाठीचा खास गुडघा’ किंवा ‘एशियन नी’ घ्यावा का?

जाहिरातीतल्या नावाकडे बघू नका, मापांच्या यादीकडे बघा. स्त्रियांसाठी म्हणून खास आकाराचा गुडघा २००६च्या सुमारास बाजारात आला. सेऊलच्या सर्जनांनी एकाच बाईच्या एका पायात नेहमीचा आणि दुसऱ्या पायात ‘स्त्रियांचा’ गुडघा बसवून तुलना केली. दुखणं, वाकणं, समाधान यांत सांगण्यासारखा फरक मिळाला नाही. टोपी हाडावर नेमकी बसते हा त्याचा खरा फायदा, आणि तो कुठल्याही नावाच्या इम्प्लांटमध्ये पुरेशी मापं असली तर मिळतोच.

आईला पूजेला मांडी घालून बसता येईल का? पंगतीत बसता येईल का?

हा प्रश्न विचारला नाही असं घर मला आठवत नाही. यामागे नुसतं बसणं नसतं हे मला माहीत आहे. देवघरासमोर खुर्ची ठेवून बसावं लागणं कित्येकींना मनाला लागतं.

साध्या चालण्याला गुडघा ६०-७० अंश वाकला तरी पुरतं. जिन्याला ९०-१००, खुर्चीतून उठायला त्याहून थोडा जास्त. मांडी घालायला तो साधारण १२०-१३०च्या पुढे वाकावा लागतो आणि बाहेरच्या बाजूला वळावाही लागतो. वज्रासनाला १५०च्या आसपास लागतं. जपानी लोक चटईवर पाय दुमडून बसतात ती बैठकही जवळपास तीच. बदललेला गुडघा सर्वसाधारणपणे ११०-१२० अंशांपर्यंत वाकतो. काहींचा १३०च्या पुढेही जातो. त्यामुळे काही बायका पुढे पाटावर, पलंगावर सैल मांडी घालून बसतात, आणि त्यात फारसं वावगं नाही. उकिडवं बसणं आणि वज्रासन मात्र मी कुणालाच करू देत नाही. तेवढ्या वाकण्यात वाटीवर आणि प्लास्टिकच्या मागच्या काठावर फार जोर येतो, आणि पातळ वाटीवर बटण असेल तर त्याहून जास्त.

गुडघा पुढे किती वाकेल याचा सर्वांत चांगला अंदाज तो ऑपरेशनआधी किती वाकत होता यावरून येतो. आधीच ८० अंशांवर अडकलेला गुडघा ‘हाय फ्लेक्स’ इम्प्लांटनं १५० अंश वाकेल असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. तसल्या इम्प्लांटचे नेहमीच्या इम्प्लांटपेक्षा जास्त वाकण्याचे दावे तुलनेच्या अभ्यासांत टिकलेले नाहीत.

म्हणून मी घरच्यांना म्हणतो, ऑपरेशनआधीच कमोड बसवून घ्या, देवघर कमरेच्या उंचीवर आणा, स्वयंपाकघरातली रोजची डबेबाटली खालच्या खणातून वर काढा.

गुडघे टेकून नमस्कार करता येतो का? वारीला जाता येतं का?

गुडघे टेकल्यानं इम्प्लांट मोडत नाही, पण बहुतेकांना नकोसं वाटतं. व्रणाच्या बाहेरच्या बाजूला कातडी बधिर झालेली असते, कारण तिथली एक बारीक नस छेदात येते. ही बधिरता हळूहळू आक्रसते, कधी थोडी कायम राहते. मऊ गादीवर, हाताचा आधार घेऊन, सहा महिन्यांनंतर टेकून बघायला हरकत नाही. पातळ वाटीवर बटण असेल तर टाळलेलं बरं.

वारीला माझे काही रुग्ण ऑपरेशननंतर दीड-दोन वर्षांनी गेले आहेत. रोजचा टप्पा निम्म्यावर आणून, काठी घेऊन, घाट गाडीनं पार करून. म्हणून आधी गावातल्या गावात रोज चार-पाच किलोमीटर चालायचा सराव करा, मग ठरवा.

वाटी किती जाड आहे हे आधी कळतं का?

बऱ्यापैकी कळतं. गुडघा वाकवून वरून घेतलेल्या एक्स-रेमध्ये वाटी आणि तिची खाच दोन्ही दिसतात. बाजूनं घेतलेल्या एक्स-रेमध्ये जाडी मोजता येते. फक्त एक्स-रेमध्ये हाड थोडं मोठं दिसतं, आणि कुर्चा दिसतच नाही. अंतिम माप ऑपरेशनच्या वेळी कॅलिपरनं घेतात. सराफाच्या दुकानात बांगडी मोजायचं साधन असतं ना, साधारण तसंच ते साधन. कापण्याआधी एकदा आणि कापल्यावर एकदा, असं दोनदा मोजायचं असतं.

रोबोटनं केलं तर वाटीचा प्रश्न सुटतो का?

नाही. बहुतेक रोबोटिक यंत्रणा मांडीच्या आणि नडगीच्या हाडाच्या कापांत मदत करतात. वाटीचं काम सर्जन हातानंच करतो.

लहान मापाचा गुडघा महाग पडतो का?

मापावर किंमत ठरत नाही, धातूवर आणि प्रकारावर ठरते. १६ ऑगस्ट २०१७ला केंद्राच्या औषध किंमत प्राधिकरणानं गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतींवर मर्यादा घातली. त्याआधी इम्प्लांटसाठीच दीड-अडीच लाख मोजावे लागत. नव्या मर्यादेत नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियमच्या गुडघ्याला ५४,७२० रुपये ठरले आणि टायटॅनियम किंवा ऑक्सिडाइज्ड झिर्कोनियमसारख्या विशेष धातूला ७६,६००, त्यावर जीएसटी. नंतर हे आकडे थोडे बदलत आले आहेत. बिलात इम्प्लांटची किंमत वेगळी लिहून मागा. खोली, भूल, सर्जनची फी यांवर ही मर्यादा नाही, आणि रुग्णालयागणिक फरक पडतो तो तिथेच. सरकारी योजनेत करायचं असेल तर रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेसाठी मदत करणाऱ्या माणसाला, आधी भेटा.

सासूबाईंच्या ऑपरेशनला आठ महिने झाले. चालतात, पण पुढून दुखतं. वाटीमुळे असेल का?

असू शकेल, पण आधी इतर कारणं बघायला हवीत. सगळ्यात पहिली शंका जंतुसंसर्गाची. गुडघा गरम लागतो का, सूज उतरतच नाही का, रात्री झोपेतही ठणकतो का? असं असेल तर वाट बघू नका. रक्ताच्या तपासण्या आणि गरज पडली तर गुडघ्यातलं पाणी तपासणं, हे लगेच व्हायला हवं.

ते नसेल तर पुढची शंका मांडीच्या स्नायूची. गुडघा दुखत होता त्या वर्षांत हा स्नायू वाळून गेलेला असतो, आणि ऑपरेशननंतर दीड महिना व्यायाम करून बहुतेकजणी थांबतात. पाय सरळ ठेवून उचलणं, गुडघ्याखाली गुंडाळलेला टॉवेल दाबणं, भिंतीला टेकून थोडंसंच खाली जाणं, हे वर्षभर करायचं असतं. माझ्याकडे पुढून दुखतं म्हणून येणाऱ्यांत बऱ्याच जणी तीन महिन्यांच्या नेटाच्या व्यायामानं बऱ्या होतात.

त्यानंतर वाटीकडे यायचं. ती खाचेच्या मधोमध सरकते का, एका बाजूला कलते का, बटण असेल तर ते हललं आहे का, वाटीत भेग आहे का. मांडीची टोपी थोडी आत वळून बसली असेल तरी वाटी बाहेर सरकू पाहते, आणि ते सीटी स्कॅनवर कळतं. नुसतं ‘बटण घातलेलं नाही म्हणून दुखतंय, आता घालू’ असं एका भेटीत सांगणाऱ्याकडून मी तरी माझ्या माणसाचं ऑपरेशन करून घेणार नाही.

आम्ही मुलीकडे न्यू जर्सीला आहोत. तिथे ऑपरेशन केलं तर?

जरूर करा. तिथल्या सर्जनांचा हात चांगलाच असतो. फक्त तिथे बटण घालणं हा नेम आहे, हे लक्षात ठेवा. आईची उंची कमी असेल तर आधीच्या भेटीत मुलीनं थेट विचारावं, “हिची वाटी पातळ निघाली तर तुम्ही काय कराल?” विचारात घेऊन दिलेलं कुठलंही उत्तर चालेल.

ऑपरेशननंतर कुठले कागद जपून ठेवायचे?

इम्प्लांटच्या प्रत्येक भागाच्या डब्यावर एक चिकटपट्टी असते. तिच्यावर कंपनी, माप आणि बॅच नंबर असतो. या पट्ट्या तुमच्या फायलीत लावल्या आहेत ना हे घरी जाण्याआधी बघा. वीस वर्षांनी गुडघा पुन्हा उघडावा लागला तर त्या सर्जनला सगळ्यांत आधी हेच हवं असतं.

आणि डिस्चार्ज कार्डावर वाटीबद्दल एक ओळ लिहून मागा. वाटी मुळात किती मिलिमीटर होती, बटण घातलं का, घातलं असेल तर कुठल्या मापाचं आणि खाली हाड किती उरलं. ऑपरेशनच्या नोंदीत हे असायला हवं, पण कार्डावर ते क्वचितच उतरतं. निवासी डॉक्टर घाईत असतात. “आम्हाला वाटीचं माप लिहून द्या,” एवढं म्हणा. माझ्याकडे असं म्हणणारे नातेवाईक आता येऊ लागले आहेत. ते आले की मी मागची नोंद काढतो आणि माझ्या हातानं आकडा लिहून देतो.